अँटेना उतरवणार नाही

आज महिन्याचा पहिला शनिवार. दुपारी बरोबर एक वाजता भोंगा वाजला आणि कुकरचं झाकण माझ्या हातात तसंच राहिलं. वादळांचा मोसम आला की इथे, मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयमध्ये, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी भोंगा वाजवून बघतात. नवीन आलेली माणसं दचकतात, मुरलेली माणसं घड्याळ जुळवतात. मी यांपैकी काहीच करत नाही. खिडकीशेजारच्या फळीवर एक काळं डबडं आहे, त्याचा आवाज वाढवते आणि ऐकत उभी राहते. डबडं खरखरतं, चॅनेलं चाळतं, एका जागी थांबतं. कुणी म्हातारा सांगत असतो की त्याच्या चौकातला भोंगा छान ऐकू आला. दुसरा म्हणतो, आमच्याकडचा जरा बसका वाटतोय. मग डबडं पुढे सरकतं आणि मी कुकर लावते.

याला स्कॅनर म्हणतात. नेमून दिलेल्या चॅनेलांवरून हा रेडिओ सतत फिरत राहतो आणि जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबतो. तो फक्त ऐकतो, बोलायची सोयच त्यात नाही. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात हे एवढं एक वाक्य मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं की झोपेत उठवून विचारलं असतं तरी तेच म्हटलं असतं.

दर वर्षी मे महिन्यात हवा अशी जड झाली, पश्चिमेकडचं आभाळ पिकल्या जखमेसारखं पिवळट दिसायला लागलं, की मला तो उन्हाळा आठवतो. हळवं वगैरे व्हायला होत नाही. उलट पाठ ताठ होते.

त्याच्या आदल्या वर्षी एका दुपारी भोंगा खरोखरचा वाजला होता. मी घरात एकटी होते. तळघरात जाऊन बसले, तांदळाच्या पोत्याला टेकून. आमच्या लोकांच्या तळघरात असतं ते सगळं तिथे होतं, रिकाम्या बॅगा, दिवाळीचे कंदील, कुणीच न चालवणारी व्यायामाची सायकल. पाच मिनिटांत लाईट गेले. मग फोनची रेंज गेली. माझी मुलगी ईरा तेव्हा पाचवीत होती आणि भोंगा वाजला ती वेळ नेमकी तिची स्कूल बस शाळेतून निघण्याची. एक तास दहा मिनिटं मी त्या अंधारात बसून होते आणि बस कुठे आहे हे मला सांगणारं जगात कुणी नव्हतं. नंतर दार वाजलं. ईरा, ओले केस, हातात चिप्सची पिशवी. "वी वेअर जस्ट पार्क्ड ॲट द फायर स्टेशन, मॉम. इट वॉज काइंडा फन."

मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. वादळाची भीती वाटली होती म्हणून नाही. मला राग आला होता. त्या तासाभरात कुणाला तरी माहीत होतं की बस कुठे आहे. बसच्या ड्रायव्हरला माहीत होतं, तिच्या ऑफिसला माहीत होतं, ती दोघं एकमेकांशी रेडिओवर बोलत होती, आणि ते बोलणं माझ्या डोक्यावरून, अगदी माझ्या घराच्या भिंतींतून जात होतं. फक्त मला ते ऐकू येत नव्हतं.

आता माझी ओळख सांगायला हवी. मी वैशाली, माहेर नागपूर. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. लग्नाआधी पुण्यात वायरलेस सेट तपासायच्या कामावर होते. सकाळी टेबलावर वीस सेट यायचे, संध्याकाळपर्यंत वीस बोलते व्हायचे. नवरा निखिल पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. त्याच्या नोकरीच्या व्हिसावर आम्ही इथे आलो आणि माझ्या व्हिसावर छापलं गेलं की ही बाई त्याच्यावर अवलंबून आहे. नोकरी करायची नाही. घर सांभाळायचं, मुलगी वाढवायची, मंडळाच्या गणपतीला मोदक करायचे, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहायचं. मोदक मला उत्तम येतात, त्याबद्दल तक्रार नाही.

स्कॅनर मिळाला तो एका गराज सेलमध्ये. घरातलं जुनं सामान अंगणात मांडून एक बाई बसल्या होत्या. नवरा आगीच्या बंबावर स्वयंसेवक होता, नुकताच वारला होता. "दिवसभर हेच ऐकत बसायचा, मला वेड लावलं होतं," त्या म्हणाल्या आणि डबडं माझ्या हातात ठेवलं. "टेक इट, हनी." मी ते उलटं करून मागचे स्क्रू पाहिले, अँटेनाची खाच पाहिली, आणि कित्येक वर्षांनी माझ्या बोटांना आपलं काम आठवलं.

निखिलनं पहिला प्रश्न विचारला तो हा. "यावर पोलिसांचं ऐकू येतं?"

"नाही येत. पोलिसांचं सगळं आता डिजिटल आहे, शिवाय बरंचसं कुलूपबंद. हे जुनं मशीन आहे. यावर हवामानाची चॅनेलं येतात, वादळावर नजर ठेवणारे स्वयंसेवक येतात आणि शाळेच्या बसेस येतात."

"पण पोलिसांचं आलं तर?"

"आलं तरी ऐकायला इथे मनाई नाही रे. आणि हा फक्त ऐकतो, बोलत नाही."

"वैशाली, यार, आपण रांगेत आहोत." निखिल चिडला की आवाज चढवत नाही, खाली आणतो. "रांगेतल्या माणसानं हात वर करू नये."

हे वाक्य मी विसरलेले नाही. तो वाईट माणूस नाही. तो घाबरलेला माणूस होता, आणि त्याच्यासारखी आमच्या ओळखीत पन्नास घरं होती. इथे आमच्यातल्या कुणी कधी मोठ्यानं हॉर्न वाजवलेला मी ऐकला नाही. जे करा असं लिहिलेलं नाही ते सगळं मना आहे, अशी आमची समजूत. साप म्हणून भुई धोपटायची, आणि भुईसुद्धा हळूच, शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून. बोलायची परवानगी मी कधी मागितलीच नव्हती. आता ऐकायलाही घाबरायचं?

निखिलनं शेवटी कंपनीच्या इमिग्रेशनच्या वकिलाला ईमेल लिहिला. खोटं वाटेल, पण लिहिला. विषय, 'पत्नीने रेडिओ ऐकण्याबाबत'. मजकूर तीन परिच्छेद, सोबत स्कॅनरचा फोटो. उत्तर दोन शब्दांचं आलं, "दॅट्स फाइन." निखिलनं ते प्रिंट करून आमच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावलं. आमच्या लग्नाच्या सर्टिफिकेटच्या मागे तो कागद आजही आहे.

मंडळातही बातमी पोचली. एका रविवारी शुभदाकाकूंनी मला साबुदाणा वड्यांच्या ताटापाशी गाठलं. "तू म्हणे पोलिसांचं ऐकतेस? आपल्यापैकी कुणाकडे आले होते का गं?"

"काकू, ऐकू आलं असतं तरी सांगितलं नसतं."

"अगं, आपल्याआपल्यात."

"आपल्याआपल्यात तर मुळीच नाही."

त्यांना राग आला, येऊ दे. ही या छंदातली पहिली सुरक्षितता आहे, तारांच्याही आधीची. ऐकलेलं घराबाहेर न्यायचं नाही, कुणाचा पत्ता ग्रुपवर टाकायचा नाही, अपघात ऐकून बघायला धावायचं नाही. काही राज्यांत स्कॅनर गाडीत ठेवायलाही नियम आहेत, म्हणून माझा घराबाहेर जातच नाही. दुसऱ्याच्या वाईट वेळेला आपला कान लागलेला असतो, याची लाज ठेवावी लागते.

घरातल्या वीतभर अँटेनावर मात्र हवामानाशिवाय काही येईना. बसेसचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. बाहेर अँटेना लावायला हवी होती, आणि बाहेर अँटेना म्हटलं की मला माझे बाबा आठवतात.

बाबा वायरमन. नागपुरातल्या निम्म्या धरमपेठेची वायरिंग त्यांच्या हातची, असं ते सांगतात, आणि आई म्हणते की पाव धरा. कुठल्याही घरात गेले की बाबा आधी मागच्या अंगणात जायचे. "अर्थिंग पहिले, मंग बाकी." खड्डा खणायचा, त्यात नळी उभी करायची, भोवती मिठाचा एक थर, कोळशाचा एक थर, पुन्हा मीठ, पुन्हा कोळसा. करंट चुकून सुटला तर या वाटेनं जमिनीत जावा म्हणून. नागपूरच्या मे महिन्यात जमीन सुकून दगड होते, मग ती करंट घेईना, म्हणून रोज सकाळी त्या खड्ड्यात पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात झाडांना नंतर आणि अर्थिंगला आधी पाणी मिळायचं. तांब्या माझ्या हातात असायचा.

तर मीही तेच केलं. घराच्या मागून विजेच्या तारा जातात, म्हणून अँटेनाचा खांब मी बाजूच्या भिंतीला लावायचं ठरवलं. खांब पडलाच तर तारांपर्यंत पोचता कामा नये, हे मोजून घेतलं. शिडी निखिलनं धरली, तोंड फिरवून, पण धरली. मग बाजूच्या गवतात खड्डा खणायला घेतला. बार्बेक्यूच्या कोळशाच्या दोन पिशव्या आणि इंडियन ग्रोसरीतलं जाडं मीठ आणलं होतं. खड्डा गुडघाभर झाला, थर घातले, तांब्याचा रॉड रोवला. सकाळी उठून तांब्याभर पाणी घालायला लागले. ईरा दारात उभी राहून बघायची. "मॉम, यू आर वॉटरिंग अ पाइप."

चौथ्या की पाचव्या दिवशी शेजारचे स्टॅन कुंपणाशी आले. वय सत्तरच्या पुढे, कारच्या कारखान्यात जन्मभर इलेक्ट्रिशियन. तोवर आमचं बोलणं हवा आणि कचऱ्याच्या गाडीपलीकडे गेलेलं नव्हतं. त्यांनी खड्डा पाहिला, रॉड पाहिला, माझ्या हातातला तांब्या पाहिला.

"खणायच्या आधी फोन केला होतास?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. इथे अंगणात फावडं मारायच्या आधी एका नंबरावर फोन करायचा असतो, फुकट असतो तो. मग माणसं येऊन जमिनीखालच्या नळ्या आणि तारा कुठून गेल्यात तिथे छोटे झेंडे लावून जातात. मला हे माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फोन केला, माणसं आली, आणि माझ्या खड्ड्यापासून जेमतेम दीड हातावर पिवळ्या झेंड्यांची ओळ उभी राहिली. पिवळा म्हणजे गॅस. मी ते झेंडे पाहिले आणि तिथेच गवतात बसले. बाबांची मुलगी म्हणवून घेते आणि गॅसच्या नळीपाशी आंधळेपणानं फावडं मारत होते.

स्टॅन म्हणाले, आता हे मीठ. मीठ तांब्याला खातं. इथली जमीन चिकणमातीची, बर्फ पिऊन बसलेली, तिला मीठ कशाला? आणि मुख्य गोष्ट अशी की तुझा रॉड एकटा आहे. घराच्या विजेच्या मीटरपाशी घराचा स्वतःचा रॉड आहे, हा त्याला जाड तांब्याच्या तारेनं जोडलेला हवा. नाही जोडलास तर आकाशातली वीज जवळपास पडली की एका रॉडकडून दुसऱ्याकडे जायला ती वाट शोधेल, आणि ती वाट तुझ्या रेडिओतून जाईल.

मला पटेना. बाबा चुकतात हे मला सहजासहजी पटत नाही. मी तिथल्या तिथे नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. बाबा जेवून शतपावली करत होते. इकडून स्टॅननी कॅमेऱ्यासमोर पितळेचा क्लॅम्प धरला, तिकडून बाबांनी चष्मा पुसला. पुढची दहा मिनिटं एक माणूस इंग्रजीत आणि एक वऱ्हाडीत बोलत होता, मधे मी होते, पण माझी फारशी गरज पडली नाही. स्टॅननी हवेत तार वाकवून दाखवली, गोल वळण, काटकोन नाही. बाबांनी मान डोलावली.

"तो मानूस बराबर सांगते," बाबा मला म्हणाले. "तिकडची जमीन तिकडचीच. त्याचं आयक."

इथे कुणी मंडळाच्या स्मरणिकेत लिहिणारा असता तर त्यानं दोन देशांच्या मातीवर पानभर लिहिलं असतं. मला ते जमत नाही. दोन रॉड मी जोडले, कारण न जोडता ठेवले तर रेडिओ जळतो आणि रेडिओला हात लावून बसलेला माणूसही. खड्डा उकरून मीठ काढलं, जेवढं निघालं तेवढं. स्टॅननी सांगितल्याप्रमाणे केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, पावसाचं पाणी तिथून ठिबकून जावं म्हणून. भिंतीबाहेर एक छोटी डबी बसवली, केबलवरून येणारा विजेचा झटका रॉडकडे वळवणारी. त्या संध्याकाळी स्कॅनर चालू केला. पहिल्याच फेरीत तो थांबला आणि एक बाई अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली की चौदा नंबरची बस रस्त्याच्या कामामुळे पाच मिनिटं उशिरा येईल. चौदा नंबर ईराची बस. ती पाच मिनिटं उशिराच आली.

पत्र आलं ते त्यानंतर आठवड्याभरानं. आमच्या वसाहतीची एक असोसिएशन आहे. गवत किती वाढू द्यायचं आणि दाराला कुठला रंग द्यायचा हे ती ठरवते. पत्र अतिशय सभ्य होतं. रस्त्यावरून दिसेल असा खांब उभारल्याची तक्रार आली आहे, तसंच अंगणात एक अज्ञात पदार्थ पुरला गेला असून त्यावर रोज सकाळी धातूच्या भांड्यातून विधी केला जातो असं कळतं, तरी खुलासा करावा आणि खांब उतरवावा.

निखिलनं पत्र दोनदा वाचलं. "उतरव," तो म्हणाला. "आजच्या आज उतरव. सॉरीचा ईमेल मी लिहितो."

"नाही उतरवणार."

"आपलं ग्रीन कार्ड..."

"असोसिएशन ग्रीन कार्ड देते का? दाराचा रंग ठरवणारी माणसं आहेत ती."

"तू मीटिंगला जाऊन भांडणार? सगळ्या सबडिव्हिजनला कळेल."

मला आठवतं, त्या वेळी मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होते. निखिलला वाटत होतं की मी एका लोखंडी काठीसाठी हट्ट करते आहे. पण मला पक्कं ठाऊक होतं की आज ही काठी उतरवली तर या देशात मी पुन्हा कधी काहीही उभं करणार नाही. मोदक करीन, रांगेत उभी राहीन, आणि पुढच्या भोंग्याला पुन्हा त्या तांदळाच्या पोत्याला टेकून बसेन. तेवढं मला नको होतं. एवढंच पणाला लागलं होतं, पण मला ते पुष्कळ होतं.

मीटिंग लायब्ररीच्या एका खोलीत होती. उन्हाळ्यातली संध्याकाळ, बाहेर लख्ख उजेड. निखिलनं मला सोडलं आणि तो गाडीतच बसून राहिला. आत घडीच्या खुर्च्यांवर पाच जण. अध्यक्षबाई नीटनेटक्या, चेहऱ्यावर काळजी. मी हातात माझा नकाशा नेला होता. खांबाची उंची, तारांपासूनचं अंतर, रॉड कुठे, जोड कुठे, सगळं फूटपट्टीनं आखलेलं.

"तुम्ही यावरून नक्की काय पाठवता?" एकानं विचारलं.

"काहीच नाही. हा फक्त ऐकतो, बोलत नाही."

"मग त्याचा उपयोग काय?"

"वादळात माझ्या मुलीची बस कुठे आहे ते कळतं."

मग एक जण घसा साफ करून म्हणाला, "आणि ते... सेरेमनी?"

तेव्हा मला हसू आलं, खरंखुरं. मी सांगितलं, मीठ होतं, कोळसा होता आणि पाणी होतं. माझे वडील वायरमन आहेत, आमच्या गावी जमीन वाळते म्हणून असं करतात. इथे ते चूक होतं. खणण्याआधी फोन केला नाही, ती त्याहून मोठी चूक होती. दोन्ही चुका माझ्या आणि दोन्ही दुरुस्त केल्या आहेत. "पण अँटेना ही चूक नाही," मी म्हटलं. "ती मी उतरवणार नाही. ज्या नियमानं उतरवायची तो नियम मला वाचून दाखवा."

त्यांनी वाचला. नियमात होतं की अशी वस्तू रस्त्यावरून दिसता कामा नये. असू नये, असं कुठेही नव्हतं. मी म्हटलं, मग मागच्या भिंतीला लावते, छपराच्या टोकाखाली. अध्यक्षबाईंनी इतरांकडे पाहिलं. मग त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं.

गाडीत बसले. निखिलनं विचारलं, "काय झालं?"

"मागच्या भिंतीला लावायची."

"म्हणजे काढायची नाही?"

"नाही."

त्यानं गाडी सुरू केली. लाल सिग्नलला गाडी थांबली तेव्हा समोर बघतच म्हणाला, "मागून विजेच्या तारा जातात. खांब अर्धा करावा लागेल. अंतर मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून मोजलं.

जुन्या जागी, बाजूच्या गवतात, आजही थाळीएवढं एक टक्कल आहे. मीठ पूर्ण निघालं नाही. दर वसंतात मी तिथे बी टाकते, दर वसंतात ते उगवत नाही. असोसिएशननं त्याबद्दल अजून पत्र पाठवलेलं नाही. पाठवलं तर मी जाईन.

त्या उन्हाळ्यात एक गोष्ट मात्र मला रोज टोचत राहिली. 'हा फक्त ऐकतो, बोलत नाही.' मी हे अभिमानानं सांगत होते, माफी मागितल्यासारखं सांगत होते, आणि एक दिवस माझ्याच कानांना ते माझंच वर्णन वाटलं. स्कॅनरवर वादळावर नजर ठेवणारे ते म्हातारे मी रोज ऐकायचे. एकेकाचा आवाज ओळखीचा झाला होता. ही सगळी हौशी रेडिओची लायसन्सवाली मंडळी. मी शोध घेतला. परीक्षा असते, पस्तीस प्रश्न. नागरिक असायची अट नाही. पगार नाही, म्हणून ती नोकरी नाही, म्हणून माझ्या व्हिसाला धक्का नाही. या वेळी वकिलाला ईमेल मी लिहिला, एका ओळीचा. उत्तर तेच आलं.

गेल्या वर्षी एका चर्चच्या तळघरात परीक्षा दिली. अर्ज भरताना मी पेन हातात धरून थांबले होते, कारण नेहमीचा रकाना सापडत नव्हता. व्हिसा कुठला, हा प्रश्न नव्हता. कुणावर अवलंबून आहात, हाही नव्हता. नाव, पत्ता, सही. दहा दिवसांनी सरकारकडून माझं रेडिओवरचं नाव आलं, काही अक्षरं आणि एक आकडा. या देशानं मला दिलेला हा पहिला कागद, ज्यावर निखिलचा संबंध नाही. मीही तो फाइलमध्ये लावला, सगळ्यांत पुढे. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अर्थिंग केली ना नीट?"

मागच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी आभाळ पुन्हा तसंच पिवळं झालं. निखिल घरून काम करत होता. ईरा आता शाळेत बँडच्या सरावाला थांबते, तिला आणायला मी निघाले होते. हातातला छोटा रेडिओ सोबत होता, बोलणारा. वाटेत लायब्ररीच्या पोर्चखाली गाडी उभी केली, कारण गारा सुरू झाल्या. टपावर नव्हे, समोरच्या रस्त्यावर उड्या मारत होत्या. चॅनेलवरचा म्हातारा विचारत होता, आमच्या बाजूला कुणी आहे का.

मी बटण दाबलं. माझी अक्षरं आणि आकडा सांगितला. मग चौकाचं नाव सांगितलं. मग गारा. आणि तिथे अडले, कारण डोक्यात आलं 'सुपारीएवढ्या'. इथे गारा नाण्यांत मोजतात. एक सेकंद, दोन सेकंद. "क्वार्टर साइझ," मी म्हटलं. म्हातारा म्हणाला, नोंद केली, थँक यू, आणि माझी अक्षरं त्यानं जशीच्या तशी परत म्हटली.

गारा थांबल्यावर फोन वाजला. निखिल होता.

"अगं, विजा चमकायला लागल्या तशी बाहेरच्या अँटेनाची केबल काढून ठेवली," तो घाईघाईनं म्हणाला. "चार्जरही काढला. बॅटरीवर, छोट्या अँटेनावर ऐकत होतो. खरखर होती फार. फिरत होता, फिरत होता, आणि एकदम थांबला. तू होतीस."

मी हातातल्या रेडिओचा आवाज कमी केला.

"नीट ऐकू आलीस," तो म्हणाला. "सगळ्या काउंटीनं ऐकलं असेल गं."

"ऐकू दे," मी म्हटलं, आणि ईराला आणायला गाडी बाहेर काढली.